पुणे ते सॅन फ्रान्सिस्को : अंतराचे आणि वेळेचे गणित

रविवार, पुणे

तिकिटावर छापलेल्या दोन वेळांची सरळ वजाबाकी केली, तर दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जायला अवघे अडीच तास लागतात असे उत्तर येते. निघायचे बुधवारी पहाटे चारच्या सुमारास आणि उतरायचे त्याच बुधवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास. ही गोष्ट २०१८ सालच्या सप्टेंबर महिन्यातली. आई आणि मी ताईकडे निघालो होतो आणि आईचा प्रश्न एकच होता : "खरे तास किती, ते मला सांग." काचबिंदूसाठी तिच्या डोळ्यांत दर बारा तासांनी, सकाळी नऊ आणि रात्री नऊ वाजता, औषधाचे थेंब घालावे लागतात, आणि डॉक्टरांनी दोन वेळांमधले अंतर सांभाळायला बजावले होते. घड्याळात किती वाजले यापेक्षा प्रत्यक्ष किती तास उलटले हे आम्हाला कळणे आवश्यक होते.

तो अनंत चतुर्दशीचा दिवस होता, मध्यवस्तीतले रस्ते मिरवणुकीसाठी बंद होते आणि घराबाहेर पडण्याचा प्रश्नच नव्हता. भाचीसाठी अप्पा बळवंत चौकातून आणलेला तीस सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल अजून बांधून ठेवलेला नव्हता. तो जेवणाच्या टेबलावर घेतला, एक टाचणी दिल्लीवर आणि एक सॅन फ्रान्सिस्कोवर धरली आणि दोन्हींच्या मध्ये शिवणाचा दोरा ताणला. भिंतीवरच्या नकाशात अमेरिकेची वाट युरोप आणि अटलांटिकवरून सरळ डावीकडे जाते असे वाटते. ताणलेला दोरा मात्र दिल्लीतून जवळजवळ उत्तरेलाच निघाला, हिमालय आणि पश्चिम तिबेट ओलांडून सायबेरियात शिरला, आर्क्टिक समुद्रावर ७५ अंश अक्षांशाच्याही वर गेला आणि अलास्कावरून खाली उतरत कॅलिफोर्नियाला पोहोचला. गोलावरच्या दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्तावरून जाते, म्हणजे ज्याचे केंद्र पृथ्वीच्याच केंद्राशी आहे अशा वर्तुळावरून. दोरा पट्टीवर ठेवला तेव्हा तो २९ सेंटिमीटर भरला. एवढ्या गोलाचा परीघ साधारण ९४ सेंटिमीटर आणि पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणजे एका सेंटिमीटरला सव्वाचारशे किलोमीटर. उत्तर सव्वाबारा हजारांच्या पुढे आले.

हेच अंतर त्रिकोणमितीने काढायला फक्त दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश लागतात. दिल्ली २८.५७ उत्तर आणि ७७.१० पूर्व, सॅन फ्रान्सिस्को ३७.६२ उत्तर आणि १२२.३७ पश्चिम. एक रेखांश पूर्व आणि दुसरा पश्चिम असल्यामुळे त्यांची बेरीज घ्यायची. ती १९९.४७ येते, पण १८० पेक्षा जास्त असल्यामुळे ३६० मधून वजा करायची, कारण पृथ्वीला दुसऱ्या बाजूने वळसा घालणे जवळचे पडते. उरले १६०.५३ अंश. मग दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करायचा (तो ०.२९२), त्यात दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा आणि रेखांशांतील फरकाच्या कोसाइनचा गुणाकार मिळवायचा (तो उणे ०.६५६), आणि बेरीज, म्हणजे उणे ०.३६४, हा ज्याचा कोसाइन आहे तो कोन काढायचा. तो १११.३ अंश निघतो. पृथ्वीच्या केंद्रापाशी एक अंशाचा कोन झाला की पृष्ठभागावर सुमारे १११.२ किलोमीटर होतात. गुणाकार १२,३८० किलोमीटरच्या आसपास येतो आणि दोऱ्याने दिलेल्या उत्तराशी चांगला जुळतो. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवापाशी ६,३५७ किलोमीटर आहे, त्यामुळे गोल धरून केलेल्या या हिशेबात फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. इतक्या लांबच्या प्रवासात तो फरक वेळेच्या दृष्टीने चार-पाच मिनिटांचा आहे.

या साध्या आकडेमोडीचे मला अतिशय मोल वाटते. कोणत्याही दोन विमानतळांमधले अंतर कोणीही कागद-पेन्सिल आणि साधे वैज्ञानिक कॅल्क्युलेटर घेऊन काढू शकतो, आणि ते अंतर ऋतू, वारा किंवा तिकिटाचा दर यांपैकी कशानेही बदलत नाही. वेळेला मात्र असे एकच उत्तर नाही, हे आईला समजावून सांगताना मलाही अधिक स्पष्ट होत गेले.

मंगळवार, पुणे ते दिल्ली

लोहगावहून संध्याकाळचे विमान होते. पुण्याहून थेट अमेरिकेला विमान का नाही, असे आईने तपासणीच्या रांगेत उभी असताना विचारले. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे, तिथली धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरची आहे आणि पुणे समुद्रसपाटीपासून जवळजवळ सहाशे मीटर उंचीवर आहे. उंचीवरच्या विरळ, उष्ण हवेत पंखांना उचल कमी मिळते, त्यामुळे उड्डाणाला अधिक लांब धाव लागते. पंधरा-सोळा तासांचे इंधन भरलेल्या जड विमानाला ही धावपट्टी अपुरी पडते. दिल्लीची सर्वांत लांब धावपट्टी ४,४३० मीटरची आहे.

पुणे ते दिल्ली हे अंतर छोटे असल्यामुळे ते तोंडीही काढता येते. अक्षांशांतला फरक जवळजवळ १० अंश, रेखांशांतला ३.१८ अंश. रेखांश उत्तरेकडे जाताना जवळजवळ येत जातात म्हणून त्या फरकाला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने, इथे ०.९२ ने, गुणायचे, म्हणजे २.९ अंश उरतात. पायथागोरसच्या नियमाने कर्ण १०.४ अंश येतो आणि अंतर १,१५७ किलोमीटर. वैमानिक हाच कर्ण ६० ने गुणून ६२४ सागरी मैल म्हणतील, कारण अक्षांशाच्या एका मिनिटाएवढे अंतर हाच सागरी मैल, १.८५२ किलोमीटरचा. विमानाचा वेग ज्या नॉटमध्ये सांगतात तो म्हणजे ताशी इतके सागरी मैल. पृथ्वीच्या मापातूनच आलेले हे एकक असल्यामुळे आकाशात आणि समुद्रावर ते अजून टिकून आहे, आणि ते टिकणे मला योग्य वाटते.

आता वेळ. विमानाचा वेग ताशी साडेआठशे किलोमीटर धरला, तर १,१५७ किलोमीटरला एक तास बावीस मिनिटे पुरायला हवीत. प्रत्यक्षात चाके लोहगावहून उचलल्यापासून दिल्लीत टेकेपर्यंत पावणेदोन तास लागले आणि दरवाजा बंद होऊन उघडेपर्यंत सव्वादोन. वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो, दिल्लीजवळ रांगेत वळसे घ्यावे लागतात आणि धावपट्टीपासून थांब्यापर्यंतचे रांगणे तिथे चांगलेच लांब आहे. वेळापत्रकात छापलेली वेळ ही थांब्यावरून हलल्यापासून थांब्यावर उभे राहीपर्यंतची असते. म्हणून अंतर भागिले वेग या उत्तरात अर्धा-पाऊण तास मिळवावा. छोट्या प्रवासात ही भर फार मोठी दिसते, लांबच्या प्रवासात ती झाकली जाते.

रात्री नऊ वाजता दिल्लीच्या विमानतळावर खुर्चीत बसून आईच्या डोळ्यांत थेंब घातले. तिच्या मनगटावरचे घड्याळ परत येईपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवायचे, असे आम्ही ठरवले होते.

बुधवार, दिल्लीहून पूर्वेकडे

विमान पहाटे चारनंतर उडाले आणि दोऱ्याने दाखवलेल्या उत्तरेच्या वाटेला न लागता पूर्वेकडे वळले. याचा अंदाज होता, कारण हा मार्ग तोपर्यंत चर्चेत येऊन गेलेला होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने लांबली, एकूण १५,३०० किलोमीटर झाली, आणि तरीही ते विमान साडेचौदा तासांत पोहोचले, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर. अंतर वाढले आणि वेळ घटला.

कारण वाऱ्यात आहे. आपल्या डोक्यावर दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात आणि जपानच्या आसपास ते विशेष जोरदार असतात. विमानाचे इंजिन त्याला आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत ताशी नऊशेच्या आसपास किलोमीटर नेते. ती हवाच ताशी दीडशे किलोमीटरने पूर्वेला सरकत असेल, तर जमिनीच्या हिशेबात वेग हजारावर जातो. १५,३०० ला साडेचौदाने भागले की ताशी १,०५५ किलोमीटर येतात, आणि कोणत्याही प्रवासी विमानाच्या स्वतःच्या वेगापेक्षा हा आकडा इतका जास्त आहे की वाऱ्याची मदत मानल्याशिवाय तो समजतच नाही. उलट पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाच्या वेगातून तोच वारा वजा होतो. म्हणून एकाच दोन शहरांमधले जाणे आणि येणे यांच्या वेळा वेगवेगळ्या असतात. दोन्हींची सरासरी काढून कोणी "प्रवासाचा वेळ" सांगितला, तर तो दोन्ही दिशांना चुकीचा ठरतो.

उत्तरेची जवळची वाट सोडण्याला आणखीही कारणे आहेत. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर विमानाला तातडीने सुमारे तीन हजार मीटरपर्यंत खाली यावे लागते, आणि तिबेटचे पठार त्याहून उंच आहे. ध्रुवाजवळून जायला वेगळी तयारी आणि वेगळ्या परवानग्या लागतात. पुढे जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली सर्व महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूपर्यंतचे विमान उत्तर ध्रुवावरून आणले, तेव्हा तो दोरा आणि ते टेबल मला आठवले.

उड्डाणानंतर तासाभरातच, आईच्या घड्याळात सव्वापाच-साडेपाच वाजताना, डाव्या खिडकीच्या पुढच्या अंगाला सूर्य वर आला. पुण्यात तेव्हा अजून अंधार असणार. सकाळी नऊ वाजता थेंब घातले तेव्हा चीनचा किनारा मागे पडत होता आणि बाहेर भर दुपार होती. जपान ओलांडल्यावर समोरच्या पडद्यावर जमिनीचा वेग १,०८० दिसू लागला. मी आईला सांगितले, "आता वारा मागून ढकलतोय." तिने आकडा वाचला आणि म्हणाली, "आणि आपल्याला काहीच कळत नाहीये." तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. सगळी हवाच पुढे जात असताना तिच्यातल्या विमानाला ती जाणवत नाही.

त्यानंतर जे झाले त्याने आई खऱ्या अर्थाने चकित झाली. तिच्या घड्याळात दुपारचे बारा वाजून गेले होते आणि बाहेर सूर्य मावळला. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. आम्ही स्वतः त्याच दिशेला तासाला अकराएक अंश चाललो होतो. दोन्ही मिळून सूर्य आमच्या डोक्यावरून तासाला २६ अंशांनी सरकत होता, त्यामुळे एरवी बारा तासांचा दिवस सात तासांतच आटोपला, आणि पुढची रात्रही तशीच सात तासांची झाली. त्या अंधारातच आम्ही १८० अंश रेखांशाजवळची आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली. रेषेच्या अलीकडे बुधवारची संध्याकाळ होती, पलीकडे मंगळवारची. "मग उद्या पुन्हा बुधवारच?" आईने विचारले. हो, पुन्हा बुधवारच.

बुधवारच, सॅन फ्रान्सिस्को

उतरलो तेव्हा आईच्या घड्याळात संध्याकाळचे सात वाजायला आले होते आणि विमानतळावरचे घड्याळ सकाळचे साडेसहा दाखवत होते. पहाटे चारनंतर निघालो होतो, म्हणजे हवेत पंधरा तासांच्या आत-बाहेर. हेच उत्तर घरी बसून काढण्याची रीत अशी : दोन्ही वेळा आधी ग्रिनिचच्या वेळेत आणायच्या आणि मगच वजाबाकी करायची. भारत ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून बुधवार पहाटे चार म्हणजे ग्रिनिचला मंगळवार रात्री साडेदहा. कॅलिफोर्निया उन्हाळी वेळेत सात तास मागे, म्हणून तिथले सकाळचे साडेसहा म्हणजे ग्रिनिचला बुधवार दुपारी दीड. मंगळवार रात्री साडेदहा ते बुधवार दुपारी दीड, पंधरा तास. वाररेषेचे नावही घ्यावे लागत नाही.

सामान मिळेपर्यंत बाहेर सूर्य उगवला. आईचा तो त्याच वारातला दुसरा सूर्योदय. ताई न्यायला आली होती. तिने आईला जवळ घेतले आणि लगेच विचारले, "थेंबांचं कसं केलंत?" तेव्हा आईनेच तिला सांगितले की भारतातले रात्रीचे नऊ म्हणजे इथले सकाळचे साडेआठ, म्हणून घरी पोहोचल्यावर साडेआठला घालायचे आणि मग रोज सकाळ-संध्याकाळ साडेआठ. दोन्ही ठिकाणांमध्ये साडेबारा तासांचा फरक असल्यामुळे बारा तासांनी घ्यायचे औषध केवळ अर्ध्या तासाने सरकते. फरक सहा-सात तासांचा असता, तर वेळ बसवण्यासाठी मध्यरात्री उठावे लागले असते.

पुढचे दिवस, सनीव्हेल

या दिवसांबद्दल इथे फारसे लिहिण्याचे कारण नाही. ताईच्या घरी पृथ्वीगोल पोहोचला आणि भाचीने त्यावर स्वतः दोरा लावून पाहिला. आईला झोपेचे वेळापत्रक लागायला बरेच दिवस गेले. दुपारी तीनला डोळे मिटत आणि पहाटे दोनला ती चहा करायला उठे. औषधाच्या वेळा जुळल्या तरी शरीराचे घड्याळ साडेबारा तास सरकायला वेळ घेते, आणि वयस्कर माणसांच्या कार्यक्रमात ही सवड आधीच धरायला हवी. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लांबचा फेरफटका ठरवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

शनिवार आणि रविवार, फ्रँकफर्टमार्गे

नवरात्राच्या आत घरी पोहोचायचे होते. परतीचे तिकीट फ्रँकफर्टमार्गे मुंबईचे होते, म्हणजे परततानाही तोंड पूर्वेकडेच. सॅन फ्रान्सिस्को ते फ्रँकफर्ट हे अंतर त्याच सूत्राने ९,१५० किलोमीटरच्या आसपास येते आणि त्याची वाट कॅनडावरून चढत ग्रीनलँडच्या पश्चिम किनाऱ्यापाशी ६७ अंशांपर्यंत जाते. फ्रँकफर्ट ते मुंबई सुमारे ६,५७० किलोमीटर. शनिवारी दुपारी निघालेले विमान तिकडच्या रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास पोहोचले. मधले नऊ तास घड्याळांच्या फरकाचे आणि उरलेले पावणेअकरा प्रवासाचे. सकाळचे थेंब अटलांटिकवर आणि रात्रीचे मुंबईच्या वाटेवर, दोन्ही वेळा आईच्याच घड्याळाने घातले.

फ्रँकफर्टला थांबलेलो असताना मी एक हिशेब मांडला आणि तो मला या साऱ्या प्रवासातला सर्वांत सुंदर हिशेब वाटतो. जाताना आम्ही पूर्वेकडे गेलो आणि स्थानिक घड्याळाला धरून राहायचे तर काटे साडेअकरा तास पुढे न्यावे लागले. सॅन फ्रान्सिस्को ते फ्रँकफर्ट आणखी नऊ तास. फ्रँकफर्ट ते मुंबई साडेतीन तास. साडेअकरा, नऊ आणि साडेतीन मिळून बरोबर चोवीस. पृथ्वीला पूर्ण प्रदक्षिणा झाली आणि काटेही एक पूर्ण दिवस पुढे गेले. तो दिवस वाररेषेवर तारीख मागे घेऊन आधीच परत केलेला होता, म्हणून जमाखर्च जुळला. पुण्यातल्या माणसाने या काळात जितके सूर्योदय पाहिले, त्याहून आम्ही एक जास्त पाहिला. आईच्या थेंबांच्या वेळा मात्र पुण्यात राहिली असती तर जितक्या झाल्या असत्या तितक्याच झाल्या. तिने हे दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग समाधानाने मान डोलावली, कारण औषधाला सूर्योदय कळत नाहीत, उलटलेले तास कळतात.

सोमवार, मुंबई ते पुणे

मध्यरात्रीनंतर मुंबईला उतरलो. सामान, रांगा आणि गाडी मिळेपर्यंत दीड तास गेला आणि पुढे घाटात ट्रकांच्या गर्दीमुळे दीडशे किलोमीटरला चार तास लागले. सगळ्या प्रवासाचा ताशी वेग काढायचा तर हे साडेपाच तासही त्यात धरायला हवेत, कारण पुणेकराचा प्रवास विमानतळाच्या दारात संपत नाही. केवळ हवेतले तास पाहून जोडविमान निवडणारा माणूस इथेच फसतो. पुण्यापर्यंत उतरवणारे, हवेत दोन तास जास्त घेणारे विमान वयस्कर व्यक्तीला अनेकदा सोयीचे ठरते, आणि पुढच्या वेळी दिल्लीहून पुण्यालाच उतरायचे असे आम्ही ठरवले.

ताई त्या डिसेंबरात येणार होती. तोवर तिकडची घड्याळे एक तास मागे गेलेली असणार होती आणि फरक साडेतेरा तासांचा होणार होता. हिवाळ्यात जेट प्रवाह अधिक जोरदार असतात, तेव्हा ती कोणत्या दिशेने येते यावर तिचा वेळ तासा-दीड तासाने सहज बदलणार होता. तिने दोन तिकिटांचे तपशील पाठवले होते. आई दोन्ही वेळा ग्रिनिचच्या वेळेत लिहून, खाली रेघ ओढून, वजाबाकी करायला बसली.